सशाचे औषध आणि माणसाचे मूत्रपिंड

सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तापासून करतात, हे परळच्या हाफकिन संस्थेमुळे आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक आहे. ती टोचल्यावर कित्येकांना आठ-दहा दिवसांनी ताप येतो, सांधे दुखतात, अंगावर पित्त उठते. विष उतरलेले असते. आता शरीराचे भांडण घोड्याशी सुरू झालेले असते. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविलेल्या रोग्यांतही हेच भांडण होते, आणि तेथे ते फार महागात पडू शकते.

डिसेंबर १९५४ मध्ये बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एकाचे मूत्रपिंड त्याच्या एकरूप जुळ्या भावास बसविले व ते टिकले. पण असा भाऊ कितीजणांना असणार? परका अवयव दिसला की रक्तातील पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात. त्यांना आवरण्यासाठी माणसाच्या पेशी सशाला टोचतात आणि सशाच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे रोग्याला देतात.

युक्ती नामी खरी. पण या प्रतिपिंडांबरोबर सशाची एक शर्कराही येते. ग्लायकोलिल-न्यूरामिनिक आम्ल हे तिचे नाव. बहुतेक सस्तन प्राण्यांत, अगदी चिंपांझीतही, ती असते. माणसाच्या पूर्वजांत मात्र ती बनविणारे जनुक वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी निकामी झाले. म्हणून आपले शरीर तिला परकी मानते व तिच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे उभी करते. जनावरांचे सीरम टोचलेल्या रोग्यांत अशी प्रतिपिंडे हंगानुत्सिउ यांनी १९२४ मध्ये व डायशर यांनी १९२६ मध्ये नोंदविली होती.

गंमत अशी, की मांस व दूध यांवाटे हीच शर्करा थोडीथोडी आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात जाऊन बसते. मग सशाविरुद्ध उठलेली प्रतिपिंडे नव्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांनाही डसत असतील काय? २०१५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी हे औषध घेतलेल्या ८८९ रोग्यांची माहिती तपासली. त्यांपैकी ८६ जणांना वर सांगितलेला सीरमज्वर झाला होता. त्यांच्यात ही प्रतिपिंडे पुढेही अधिक आढळली, आणि दहा वर्षांनंतर त्यांची मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाणही जास्त दिसले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे आम्ही म्हणणार नाही, आणि औषध टाकून द्यावे असे तर मुळीच नाही. सीरमज्वर न झालेले ८०३ जणही त्याच यादीत आहेत.

मार्च २०२४ मध्ये बॉस्टनलाच एका जिवंत रोग्यास डुकराचे मूत्रपिंड बसविले. त्याआधी त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल केले होते. माणसाला न मानवणाऱ्या शर्करा बनविणारी जनुके त्यांत प्रथम काढून टाकली होती.