इंग्रजी प्रत्यय आणि शब्दांचे व्याकरणिक कार्य

‘ही इज सक्सेस’, ‘शी सिंग्ज ब्यूटिफुल’ अशी वाक्ये मराठी व उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या लेखनात आढळतात. येथे शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याला ठाऊक असतो; वाक्यातील त्या जागी शब्दाचे कोणते रूप हवे, हे उमगलेले नसते. केवळ शब्दार्थांची यादी पाठ करून ही उणीव भरून निघत नाही. त्यासाठी प्रत्ययांचे कार्य समजावून द्यावे लागते.

इंग्रजी शब्दाच्या शेवटी लागणारे प्रत्यय दोन प्रकारचे आहेत. विकारक प्रत्यय शब्दाची जात बदलत नाहीत; वचन, काळ किंवा तुलना दाखवतात. ‘बुक’चे ‘बुक्स’ झाले तरी ते नामच राहते. परंपरेने असे प्रत्यय 8 मानले जातात. साधक प्रत्यय मात्र नवा शब्द घडवतात आणि बहुधा त्याची जातही बदलतात. ‘डिसाइड’ हे क्रियापद, ‘डिसिजन’ हे नाम, ‘डिसाइसिव्ह’ हे विशेषण आणि ‘डिसाइसिव्हली’ हे क्रियाविशेषण होय. दोन्ही प्रत्यय एकत्र आले तर साधक आधी व विकारक शेवटी येतो. ‘टीचर्स’ या शब्दात प्रथम ‘टीच’पासून ‘टीचर’ होते, मग अनेकवचन होते.

खरी अडचण सारख्या दिसणाऱ्या प्रत्ययांची आहे. ‘टीचर’मधील ‘अर’ कर्ता दाखवतो, तर ‘टॉलर’मधील ‘अर’ तुलना दाखवतो. ‘ली’ दिसला की क्रियाविशेषण, असा नियम सांगितला जातो. परंतु तो अपुरा आहे. ‘क्विक’ या विशेषणाला ‘ली’ लागून ‘क्विकली’ हे क्रियाविशेषण होते. ‘फ्रेंड’ व ‘कॉस्ट’ ही मात्र नामे असल्याने ‘फ्रेंडली’, ‘कॉस्टली’ ही विशेषणे होतात. म्हणून ‘ही स्पोक फ्रेंडली’ हे प्रमाण इंग्रजीत चुकीचे ठरते. प्रत्यय कोणता, यासोबतच तो कशाला लागला, हेही पाहिले पाहिजे.

ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना परकी नाही. उर्दूत ‘खुश’ या विशेषणापासून ‘खुशी’ हे नाम होते, तर ‘कानून’ या नामापासून ‘कानूनी’ हे विशेषण होते. मराठीतही ‘नोकर’पासून ‘नोकरी’ हे नाम आणि ‘सरकार’पासून ‘सरकारी’ हे विशेषण बनते. एकच ‘ई’ दोन कामे करतो आणि विद्यार्थी त्यात कधी गोंधळत नाहीत. हेच ज्ञान इंग्रजीच्या अध्यापनाचा पाया होऊ शकते.

वर्गात एका शब्दाचे संपूर्ण कुटुंब फळ्यावर मांडावे, प्रत्येक रूपासाठी एक रिकाम्या जागेचे वाक्य द्यावे आणि निवडीचे कारण विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे. नामाआधीची जागा विशेषण मागते, क्रियेची रीत सांगणारी जागा क्रियाविशेषण मागते, हे एकदा लक्षात आले की अनोळखी शब्दाचे कार्यही विद्यार्थी स्वतः ओळखू लागतो.