नळीच्या टोकाचा ठाव

माझ्या हृदयात कॅथेटर सरकवताना डॉक्टरांनी शिशाचे एप्रन घातले होते. क्ष-किरणांवाचून नळीचे टोक त्यांना दिसणार कसे? एम.आर.आय.मध्ये हे किरण लागत नाहीत. तेथे चुंबकीय क्षेत्र एका दिशेने क्रमाने वाढवीत नेले, की हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा स्वर जागेनुसार चढतो. सतारीच्या पडद्यांवर चढावा तसा (भाषेच्या मास्तराला एवढी उपमा क्षम्य असावी). १९९३ साली डुमुलिन, सूझा व डॅरो यांनी टोकाशी इवलेसे वेटोळे बसविण्याची पद्धत मांडली. वेटोळ्याला लगतचाच स्वर ऐकू येतो. तिन्ही दिशांना तो मोजला, की टोकाचे स्थान कळते. अडचण तारेची. हा संदेश बाहेर आणणारी लांब धातूची तार रेडिओलहरींमुळे तापून आतून भाजू शकते. म्हणून कोणी तारेत मध्ये मध्ये चिमुकले ट्रान्सफॉर्मर बसविले, कोणी तारेऐवजी प्रकाशतंतू योजला.