अपुऱ्या दिवसांच्या बाळाची हाडे

मुडदूस या रोगाविषयी तुम्ही वाचले असेल. ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडले की हाडे मऊ होतात आणि कातडीवर ऊन पडले की हे जीवनसत्त्व शरीरात तयार होते. मग मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या नागपुरात कोणाची हाडे कच्ची राहायलाच नकोत! पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तिथेही राहू शकतात, आणि नुसत्या उन्हाने ती भरून येत नाहीत. त्यांना उणीव असते ती मुख्यतः हाडाच्या कच्च्या मालाची.

हाड टणक होते ते कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या क्षारांमुळे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असते. त्यातले जवळजवळ ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातून वारेवाटे येते. २८व्या आठवड्यातच जन्मलेले बाळ हा साठा न घेताच जगात येते.

“पण आईचे दूध आहे ना?” असे तुम्ही विचाराल. आहे, आणि त्याच्या तोडीचे दुसरे अन्न नाही. तरी जरा हिशेब करा. असे बाळ साधारण १ किलो वजनाचे असते. गर्भात त्याला रोज सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळाले असते. आता ते दिवसाला फार तर १६० मिलिलिटर दूध पिणार. १०० मिलिलिटर दुधात कॅल्शियम २५ ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे मिळाले ४० ते ४८. तेही सगळे आतड्यात शोषले जात नाही! फॉस्फरसचीही हीच गत. आणि फॉस्फरस कमी पडला की हाडात बसू न शकलेले कॅल्शियम लघवीवाटे निघून जाते.

सुरुवातीला तर पुष्कळ बाळांना दूधही पचत नाही. शिरेतून पोषण द्यावे लागते. तिथे रसायनशास्त्र आडवे येते. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकाच द्रावणात जास्त घातले, तर त्यांचा पांढरा साका खाली बसतो.

आणखी एक गंमत पाहा. गर्भातले बाळ गर्भाशयाच्या भिंतीला लाथा मारते. त्या ताणानेही हाड बळकट होते. काचेच्या पेटीत निजलेल्या बाळाला ढकलायला भिंतच नसते.

म्हणून डॉक्टर आईच्याच दुधात क्षार व प्रथिने असलेली पूड मिसळतात, ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देतात आणि रक्तातला फॉस्फरस तपासतात. परिचारिका लंगोट बदलताना बाळाला पायांनी उचलत नाहीत, पाठीखाली हात घालतात. कच्चे हाड तेवढ्यानेही मोडू शकते. योग्य आहार मिळाला तर बहुतेकांची हाडे पहिल्या एकदोन वर्षांत भरून येतात.

मुळात बाळ वेळेआधी जन्मूच नये, यासाठीही प्रयत्न चालू आहेत. सहा देशांतल्या, प्रथमच आई होणाऱ्या सुमारे १२,००० स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्यात भारतातली दोन केंद्रे होती, नागपूर आणि बेळगाव. निम्म्या स्त्रियांना रोज अगदी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ३७ आठवड्यांआधीच्या जन्मांचे प्रमाण १३.१ टक्क्यांऐवजी ११.६ टक्के. अर्थात ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते.