दगड कापणाऱ्या हातकरवतीची घोडी

एखादी वस्तू ज्या आधारावर चढवून ठेवावयाची, त्या आधाराला जनावराचे नाव देण्याची प्रवृत्ती अनेक भाषांत आढळते. सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. रंगारी जिच्यावर उभा राहतो तीही घोडीच. फ्रेंचमधील ‘शव्हाले’ हा शब्द मूळचा ‘लहान घोडा’ या अर्थाचा. तो चित्रकाराच्या तिवईला लागतो आणि व्हायोलिनच्या घोडीलाही. इंग्रजी ‘ईझल’ डच भाषेतील गाढवावरून आला, तर जर्मन सुताराची तिवई म्हणजे ‘बॉक’, अर्थात बोकड. तेव्हा दगड, वीट व फरशी कापणारे हातयंत्र ज्या चौकटीवर बसवितात, तिला घोडी म्हणणे मराठीच्या वळणाला धरूनच होईल. मात्र या घोडीने काय साधते व काय साधत नाही, हे नावावरून कळत नाही. आणि त्या न कळण्याची किंमत गवंड्याच्या हातांना व फुप्फुसांना मोजावी लागते.

‘करवत’ हेही नाव येथे काहीसे फसवेच आहे. सुताराच्या करवतीसारखे दाते हिला नसतात. चकतीच्या कडेत बसविलेले हिऱ्याचे कण दगड घासून त्याचे पीठ करतात. ११० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला १२,००० फेरे करू लागली, की तिची कड सेकंदाला सुमारे ६९ मीटर वेगाने धावते. हात किंचित वळला तरी चकती खाचेत आवळली जाते आणि यंत्र उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येते. फरशी पायाने दाबून धरली असेल, तर पाय आणि चकती यांत वीतभरही अंतर उरत नाही. चकतीला एकाच प्रतलात बांधून ठेवणे हे घोडीचे पहिले काम होय.

ते काम ती तीन प्रकारे करते. पहिल्या प्रकारात यंत्र बिजागरीच्या दांड्यावर वर राहते व खालच्या फरशीवर उतरते. दुसऱ्यात ते मेजाखाली उलटे टांगलेले असते. चकती फटीतून वर डोकावते आणि फरशी तिच्याकडे सरकविली जाते. तिसरा प्रकार चाकांच्या गाड्याचा. रस्ता किंवा जमीन कापताना ३०० वा ३५० मिलिमीटर चकतीची पेट्रोलवरील करवत त्यावर चढवितात. यांपैकी दुसरा प्रकार करावयास सर्वांत सोपा, म्हणूनच घरगुती कारागिरीत फार दिसतो, आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. यंत्राचे बटण दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवावे लागते. संकटकाळी हात तेथे पोचत नाही. मूळचे आवरण बहुधा काढलेले असते. शिवाय चकतीवर सोडलेले पाणी खालच्या विजेच्या मोटारीवरच गळते. पाणी टाळावे तर धूळ उडते.

आणि ही धूळ सामान्य नव्हे. दगड, वीट व काँक्रीट यांतील स्फटिकी सिलिकाचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोल रुततात व सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही. अमेरिकेत २०१६ साली झालेल्या नियमाने अशा कणांची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरविली. त्याच नियमातील बांधकामाच्या तक्त्यात ‘स्थिर’ करवत व ‘हाती’ करवत या दोन निरनिराळ्या ओळी आहेत. स्थिर करवतीवर पाण्यासह काम करणाऱ्यास श्वसनरक्षक मुखवट्याची सक्ती नाही. हाती करवत बंदिस्त जागेत चालविणाऱ्यास पाणी असूनही ती आहे, उघड्यावर मात्र चार तासांहून अधिक काम असेल तरच.

घोडीवर चढलेली हाती करवत यांपैकी कोणत्या ओळीत मोडते? प्रश्न शब्दार्थाचा दिसतो. पण उत्तर पायांच्या संख्येत शोधणे व्यर्थ आहे. दोन्ही ओळींची पहिली अट एकच: चकतीला अखंड पाणी पुरविणारी, यंत्राचाच भाग असलेली योजना. कोरड्या यंत्राला चार पाय जोडल्याने ते कोणत्याच ओळीत बसत नाही. घोडी निवडताना म्हणून प्रथम पाण्याची वाट पाहावी: ते चकतीवर कोठून येते, मोटारीपासून दूर कसे वाहते, तबकात कोठे साठते. त्यानंतर घोडी त्याच नमुन्याच्या यंत्रासाठी केलेली आहे की नाही, आवरण जागेवर राहते काय, बंद करण्याचे बटण समोर हाताशी आहे काय, आणि वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारा स्विच बसविला आहे काय, हे तपासावे.