बंदीच्या 61 दिवसांत दर्या काय करतो?



1 जूनला ट्रॉलर आणि पर्ससीनची जाळी वर चढली की 31 जुलैपर्यंत मालिम, कुटबण, वास्को, सगळ्या जेटी गप्प. बोटमालक इंजिनाचं काम काढतात, खलाशी गावाला जातात, घरात सुक्या बांगड्यावर दिवस निघतात. बँकेचा हप्ता मात्र बंदी पाळत नाही. म्हणून "दोन महिने फुकट गेले" असं तोंडातून निघतंच. पण दर्याच्या हिशोबात हेच दोन महिने सगळ्यात कामाचे. ते काम काय, हे आज जरा सविस्तर सांगतो.

शेताला खत लागतं तसं दर्यालाही लागतं. वरून मेलेलं, कुजलेलं जे काही तळाला बसतं, त्याचं तिथले जंतू खत करतात. पण हे खत खोल, काळोखात पडून राहतं, आणि ऊन असतं वर. दोघांची गाठ पडल्याशिवाय काही उगवत नाही. ती गाठ पावसाळ्यात पडते. या दिवसांत आपल्या किनाऱ्याला लागून वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे रेटा देतो. पृथ्वी फिरते म्हणून वरचं पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे खोल दर्याकडे सरकतं. त्याची जागा भरायला तळाचं थंड, खताचं पाणी वर येतं. केरळच्या बाजूला हे जास्त जोरात चालतं, आपल्याकडे जरा कमी.

मग पाणी हिरवट होतं. तो रंग म्हणजे डोळ्यांना एकेकटी न दिसणारी वनस्पती, प्लवक म्हणतात तिला. दर्यातलं गवतच समजा. तिला खातात बारीक किडे, कोळंबीच्या पिलांसारखे दिसणारे. तारले गवतही खातात आणि किडेही. बांगडा जास्त करून किड्यांवर. आणि तारल्यांच्या, बांगड्यांच्या मागे येतो विसवण.

इथे एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना अन्नाचा साधारण दहावा हिस्साच अंगाला लागतो. बाकीचं पोहण्यात, जगण्यात जातं. म्हणजे 1 किलो विसवण व्हायला सुमारे 10 किलो बारीक मासळी लागते, तिला 100 किलो किडे, आणि त्यांना 1,000 किलो हिरवं प्लवक. हा ढोबळ आकडा आहे, पण तारले टोपल्यांनी फिशमीलला जातात तेव्हा विसवणही कमी का होतो, ते यातून कळतं. विसवणाला कोणी हात लावलेला नसतो, त्याचं ताट उचललेलं असतं.

बांगडा आणि तारले अंडी घालतात ती मुख्यतः याच पावसाळ्यात. अंड्यातून निघालेलं पिल्लू इतकं बारीक, की थोड्या दिवसांत तोंडापुढे खाणं आलं नाही तर संपलं. म्हणून पाणी हिरवं व्हायची वेळ आणि अंडी फुटायची वेळ जुळावी लागते. ज्या वर्षी जुळत नाही त्या वर्षी बोट कितीही मोठी असो, पुढच्या हंगामात डिझेलच जळतं. केरळने हे पाहिलंय. तिथे 2012 साली तारल्यांची मासळी 4 लाख टनांच्या जवळ गेली होती, ती 2021 साली साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. पाणी तापलं, एल निनोचा फटका बसला, आणि जोडीला लहान मासळीही मारली गेली. पाण्याच्या तापण्यावर आपला इलाज नाही. लहान मासळीवर आहे. केरळने 2015 सालीच तारल्याला 10 सेंटिमीटर आणि बांगड्याला 14 सेंटिमीटर अशी किमान लांबी ठरवली, त्याखालचा मासा पकडायचा नाही. आपल्याकडे बोटाएवढे बांगडे जाळ्यात आले की आपण "मिळाले ते मिळाले" म्हणतो. मला विचाराल तर जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा आस मोठा करणं हा बंदी वाढवण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

आता सप्टेंबरची गोष्ट, कारण यावर जेटीवर दरवर्षी वाद होतो. बंदी उठली, पण तळाला जाळं ओढलं तर काही लागत नाही, आणि किनाऱ्याजवळ मात्र गर्दी. असं का? एवढं प्लवक उगवलं की ते मरतंही तेवढंच. ते तळाला जातं, जंतू ते कुजवतात, आणि कुजवताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. वरून नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी पातळ चादरीसारखं पसरलेलं असतं, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2000 साली हे जगापुढे मांडलं. काही वेळा तळाच्या पाण्यात कुजलेल्या अंड्यांच्या वासाचा वायूसुद्धा तयार होतो. तळाचा मासा आणि कोळंबी तिथून पळतात, पळू न शकणारे मरतात. हे आपोआप होतंच, पण शेतांतलं खत नदीतून दर्यात आलं की आणखी वाढतं, असं त्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं.

कोळंबीचं गणित तर नदीतच आहे. ती अंडी घालते दर्यात, पिल्लं वाढतात मांडवी-जुवारीच्या खाड्यांत, खारफुटीच्या मुळांत आणि खाजनात, आणि मोठी झाली की परत बाहेर. खाजनाची मानस मोडली किंवा खारफुटीवर मातीचा भराव पडला, की नुकसान शेतकऱ्याचं होतंच. ट्रॉलरवाल्याचंही होतं, फक्त त्याला ते दिसत नाही.

तुमच्या जेटीवर गेल्या सप्टेंबरात तळाला मासळी किती वावावर लागली, आणि किती वावावर जाळं रिकामं आलं, ते तारखेसह कॉमेंटमध्ये लिहा. तांडेल मंडळींनी जरूर लिहा, आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत.