देनएनचोफू : रेल्वेने वसवलेले उपनगर

टोकियोच्या नैर्ऋत्येस, ओता प्रभागात, तामा नदीच्या अलीकडे असलेले देनएनचोफू हे स्थानक तोक्यू या खासगी रेल्वे कंपनीच्या तोयोको आणि मेगुरो या दोन मार्गांवर येते. वस्ती आधी आणि स्थानक मागाहून, हा नेहमीचा क्रम येथे उलटा आहे. शेतजमीन विकत घेऊन तिचे भूखंड पाडणारे आणि त्यांवर राहायला येणाऱ्यांसाठी गाडी चालवणारे मुळात एकच असल्यामुळे या स्थानकाचा परिचय त्याच्या परिसरापासून तोडून करून देता येत नाही.

जपानच्या आधुनिक उद्योगव्यवस्थेचे शिल्पकार शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये ‘देनएन तोशी’, म्हणजे उद्याननगर, या नावाची कंपनी स्थापन झाली. उद्याननगराची कल्पना १८९८ मध्ये इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी मांडली होती. घरे, शेती आणि कारखाने एकाच आटोपशीर नगरात असावेत आणि रहिवाशाला पोटापाण्यासाठी महानगराकडे धाव घ्यावी लागू नये, असा तिचा गाभा होता. टोकियोच्या कंपनीने त्यातील हिरवाई तेवढी उचलली आणि नोकऱ्या शहरातच राहू दिल्या. हा बदल वरवरचा नव्हता, कारण त्यामुळे रोजचा प्रवास हाच साऱ्या योजनेचा कणा ठरला. ओसाकाजवळ कोबायाशी इचिझो यांनी १९१० पासून रेल्वेमार्ग आणि त्यालगतची हप्त्यांनी विकलेली घरे यांची जोड यशस्वी करून दाखवली होती. त्यांचा सल्ला येथेही घेतला गेला, आणि या वस्तीपर्यंत गाडी आणणाऱ्या मेगुरो-कामाता विद्युत रेल्वेची सूत्रे गोतो केइता यांच्याकडे आली. ११ मार्च १९२३ रोजी स्थानक ‘चोफू’ या नावाने उघडले आणि १९२६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. दरम्यान १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपाने आणि त्यामागोमाग लागलेल्या आगींनी टोकियोचा दाट वस्तीचा भाग बेचिराख झाला, आणि मोकळ्या जागेत घर असावे ही चैनीची वाटणारी गोष्ट अनेक कुटुंबांची गरज बनली.

स्थानकाच्या पश्चिम दारातून बाहेर पडल्यावर आखणी चटकन ध्यानात येते. अर्धवर्तुळाकार चौकातून रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे फाकतात, त्यांना एकाबाहेर एक अर्धवर्तुळाकार गल्ल्या छेदतात, आणि मुख्य रस्त्यांच्या दुतर्फा लावलेली गिंको झाडे शरदात पिवळीधमक होतात. शिबुसावांचे पुत्र हिदेओ यांनी परदेशातील उपनगरे पाहून आल्यावर या वळणदार रस्त्यांचा आग्रह धरला, तर प्रत्यक्ष आराखडा आणि स्थानकाच्या इमारतीची रचना वास्तुविशारद याबे किंतारो यांनी केली. भूखंड विकताना घातलेल्या अटी रस्त्यांइतक्याच महत्त्वाच्या होत्या : बांधकाम भूखंडाच्या निम्म्यापेक्षा अधिक जागेवर नसावे, घर तीन मजल्यांहून उंच नसावे, आणि कुंपण ठेंगणे व डोळ्यांना सुखावणारे असावे. प्रत्येक घरमालकाच्या बागेचा थोडा वाटा रस्त्याने जाणाऱ्यालाही मिळावा, हा या शेवटच्या अटीमागचा विचार फार मोलाचा आहे.

केवळ घरे बांधून मात्र रेल्वेचे गणित सुटत नाही. सकाळी शहराकडे भरून गेलेली गाडी उलट दिशेने रिकामी परतते, आणि त्या फेरीचा खर्च तर तेवढाच असतो. यावरचा उपाय म्हणून मार्गालगत शिक्षणसंस्था आणण्यात आल्या. भूकंपात उद्ध्वस्त झालेली टोकियोची उच्च तंत्रशाळा कुरामाए भागातून ओओकायामा येथे हलली, आणि केइओ विद्यापीठाचा हियोशी परिसर १९३४ मध्ये सुरू झाला. परिणामी सकाळी नोकरदार एका दिशेने आणि विद्यार्थी दुसऱ्या दिशेने जाऊ लागले. जपानी खासगी रेल्वेच्या यशाचे श्रेय वक्तशीरपणाला सरसकट दिले जाते, परंतु जमीन, प्रवासी आणि वेळापत्रक यांचा असा एकत्रित विचार हे त्याचे अधिक खोलवरचे कारण होय.

आज रूळ जमिनीखाली आहेत. दोन फलाटांपैकी प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, आणि मार्ग वेगळे असले तरी दिशा एकच असलेल्या गाड्या एकाच फलाटाच्या समोरासमोरच्या कडांना येतात; त्यामुळे योकोहामाकडून तोयोको मार्गाने आलेला प्रवासी जिना न चढता, पाचसात पावले चालून, मेगुरोच्या गाडीत बसतो. ती गाडी पुढे मेगुरोपाशी थांबून न राहता भुयारी रेल्वेच्या रुळांवरून शहराच्या मध्यभागात जाते. एका कंपनीची गाडी दुसऱ्या कंपनीच्या मार्गावर चालवण्याच्या या पद्धतीत सीमेवरच्या स्थानकात चालक बदलतो, प्रवाशाला मात्र उतरावे लागत नाही. तोयोकोची सर्वांत जलद गाडी येथे थांबत नाही, तिच्याखालची जलद गाडी थांबते.

रूळ भुयारात नेण्याच्या कामासाठी १९९० मध्ये जुनी इमारत उतरवण्यात आली. दुहेरी उताराचे लाल छप्पर असलेली ती वास्तू २००० मध्ये पुन्हा उभारली गेली, परंतु तिच्यात आता ना तिकीटघर आहे ना फलाट. चौकातील रस्त्यांची सारी मांडणी जिच्याकडे पाहून केली होती तिच्यावाचून तो चौक अपुरा राहिला असता, हे तिच्या पुनर्बांधणीचे पुरेसे समर्थन आहे. परिसरापुढचा प्रश्न अधिक बिकट आहे. मध्यम उत्पन्नाच्या नोकरदारांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली ही वस्ती पुढे श्रीमंतीचे प्रतीक बनली, जमिनीचे भाव चढले, आणि मूळ मालकाच्या पश्चात वारसा कर भरण्यासाठी वारसांना भूखंडाचे तुकडे करून विकणे भाग पडू लागले. भूखंड किती लहान करता येईल आणि रस्त्यालगत किती हिरवे अंतर सोडावे, याचे नियम स्थानिक योजनेत घालण्यात आले असून १९२६ पासून चालत आलेला रहिवाशांचा संघ नव्या बांधकामाच्या आराखड्यांवर लक्ष ठेवून असतो.