दिवा कोणी मालवला?

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री अडीचच्या सुमारास आमचे वडील बाथरूमला गेले. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दारातून आत पाऊल टाकताच दिवा आपोआप लागला. ही व्यवस्था आम्हीच केली होती. अण्णांचे वय ८३ आणि त्यांना कंपवाताचा त्रास आहे. अंधारात भिंतीवर बटण चाचपडताना तोल जाईल, या भीतीपोटी ती सगळी खटपट. काही मिनिटांनी, अण्णा कमोडवर बसलेले असतानाच, दिवा गेला. उठताना त्यांनी नळ धरला म्हणून ते पडले नाहीत. मनगट मात्र मुरगळले. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी एवढेच विचारले, "दिवा कोणी मालवला रे?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला नऊ दिवस लागले. ही हकीकत शिक्षकांना सांगावीशी वाटली, कारण हल्ली विज्ञान प्रदर्शनात एखादे तरी 'स्वयंचलित घर' असतेच. पुठ्ठ्याच्या घरातला दिवा लागला की टाळ्या पडतात. तो लागला नाही तर काय करायचे, हे मात्र मुलांना कोणी शिकवलेले नसते.

आधी साध्या बटणाकडे पाहू. आपल्याकडे बटण खाली असले की दिवा चालू, वर असले की बंद. म्हणजे बटण दोन कामे करते. ते प्रवाह जोडते किंवा तोडते, आणि दिव्याची स्थिती कोणती आहे याची नोंदही तेच ठेवते. जिन्याच्या दिव्याला दोन बटणे असतात, एक खाली आणि एक वर. कोणतेही दाबले तरी दिव्याची स्थिती बदलते. इथे एकट्या बटणाकडे पाहून दिवा चालू आहे की नाही हे सांगता येत नाही. दोन्ही पाहावी लागतात. मुलांना दोन बटणांच्या चार स्थितींचा तक्ता करायला सांगावा. दोन स्थितींत दिवा लागतो आणि दोनांत विझतो, हे त्यांचे त्यांनाच सापडते. तरीही सारी माहिती त्या दोन बटणांत आणि त्यांमधल्या तारांतच असते. वायरमन टेस्टर घेऊन आला की ती वाचू शकतो.

यापुढची पायरी १९७५ साली आली. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'एक्स-टेन' नावाची पद्धत काढली. तिच्यात घरातल्या विजेच्या तारांमधूनच दिव्याला आज्ञा जात असे. प्रत्यावर्ती विद्युतदाब शून्यातून जातो त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा एक छोटा स्पंद तारेत सोडायचा. स्पंद असला तर १, नसला तर ०. कल्पना सुंदर होती, पण तिच्या मूळ रूपात एक उणीव होती. आज्ञा पोचली की नाही हे दिवा उलट कळवत नसे. पाठवणारा समजायचा की दिवा लागला, आणि तारेत कुठल्या तरी यंत्राचा गोंगाट असला तर दिवा तसाच विझलेला राहायचा. दिव्याची स्थिती आणि तिच्याबद्दलची समजूत या इथे दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

आज आमच्या घरात त्या एका दिव्याबद्दल पाच ठिकाणी समजूत असते. भिंतीवरचे बटण, बल्बमधली चिप, घरात ठेवलेला छोटा नियंत्रक संगणक (त्याला हब म्हणतात), बल्ब बनवणाऱ्या कंपनीचा दूर कुठे तरी असलेला संगणक आणि आमच्या फोनचा पडदा. पाचांचे एकमत असले की सगळे सुरळीत चालते.

त्या सकाळी आम्ही काय केले, हे सांगायला थोडी लाज वाटते. प्रयोगशाळेत एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना बजावत आलो आहोत. घरी मात्र पहिल्या तासाभरात आम्ही बल्ब बदलला, राउटर बंद करून चालू केला, दिव्याचे नाव बदलले आणि हबची आज्ञावली नव्याने भरली. दिवा लागला. पण आधीही तो लागतच होता! तक्रार लागण्याची नव्हतीच, विझण्याची होती. आणि आता चार गोष्टी एकदम बदलल्यामुळे कशाने काय झाले, हे कळायचा मार्गही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो. हब प्रत्येक घटनेची वेळेसह नोंद ठेवतो, आणि ती आम्ही पहिल्यांदाच नीट वाचली. २ वाजून ३१ मिनिटांनी संवेदकाला हालचाल जाणवली आणि दिवा लागला. २ वाजून ३६ मिनिटांनी प्रोग्रामने दिवा बंद केला. म्हणजे बल्ब, वीज, वाय-फाय हे सगळे निर्दोष होते. 'पाच मिनिटे हालचाल नसेल तर दिवा बंद' असा प्रोग्राम आम्हीच लिहिलेला होता आणि त्याने तो अक्षरशः पाळला होता. मग हालचाल का जाणवली नाही? अण्णा तर तिथेच होते.

याचे उत्तर संवेदकाच्या रचनेत आहे. हा संवेदक माणूस ओळखत नाही. आपल्या शरीरातून सतत अवरक्त प्रारण बाहेर पडते. त्याची तीव्रता साधारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. संवेदकात या प्रारणाने तापून विद्युतभार निर्माण करणाऱ्या स्फटिकाचे दोन तुकडे असतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असतात. दोन्हींवर सारखेच प्रारण पडले तर बेरीज शून्य. वर जी पांढरी, खवल्याखवल्यांची प्लास्टिकची टोपी दिसते, ती म्हणजे अनेक छोटी भिंगे. ती खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की एका तुकड्यावरचे प्रारण वाढते, दुसऱ्यावरचे कमी होते आणि फरक नोंदला जातो. माणूस स्थिर बसला तर फरक नाही. संवेदकाच्या दृष्टीने स्थिर बसलेला माणूस आणि भिंत यांत भेद उरत नाही. त्यातून आमचे बाथरूम गच्चीखालचे. मे महिन्यात भिंती रात्रीही तापलेल्या असतात, आणि भोवतालचे तापमान त्वचेच्या तापमानाजवळ गेले की तो फरक आणखी पुसट होतो.

आम्ही स्वतः आत बसून पाहिले, हातात वर्तमानपत्र आणि मनगटावर घड्याळ. वाचत राहिलो, पान उलटले नाही. बरोबर पाच मिनिटांनी अंधार. पुन्हा बसलो, दर मिनिटाला पान उलटले, दिवा चालूच. हा संवेदक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो, तेव्हा वर्गात एक प्रयोग जरूर करावा. त्याच्यापुढे काचेचा तुकडा धरून मागे हात हलवा, आणि मग काचेऐवजी पातळ पॉलिथीनची पिशवी धरा. काचेआडचा हात त्याला जाणवणार नाही, पिशवीआडचा जाणवेल. काच दृश्य प्रकाशाला पारदर्शक असली तरी या तरंगलांबीला ती भिंतच. टोपी काचेची का करत नाहीत, हे मुलांना निराळे सांगावे लागत नाही.

प्रोग्राममधली पाच मिनिटे वाढवून आम्ही वीस केली आणि निश्चिंत झालो. तिसऱ्या रात्री दिवा पुन्हा गेला. अण्णांनी या वेळी हाक मारली, आम्ही धावलो, काही इजा झाली नाही. पण वीस मिनिटे झालेली नव्हती. नोंद पाहिली. दिवा लागल्यापासून दहा मिनिटांनी बंद झाला होता. आणि विशेष म्हणजे या वेळी 'प्रोग्रामने बंद केला' अशी नोंद नव्हती, नुसतेच 'दिवा बंद झाला' असे होते. हबने तो मालवला नव्हता. दुसऱ्या कोणी तरी मालवला होता आणि हबला ते नंतर कळले होते.

इथे साखळीचे दोन भाग करून पाहणे उपयोगी पडते. आमचा हब इंटरनेट नसतानाही घरातल्या घरात बल्बशी बोलू शकतो. म्हणून राउटरला बाहेरून येणारी तार काढून ठेवली आणि दिवा लावला. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे, दिवा चालू. तार जोडली आणि पुन्हा दिवा लावला. दहाव्या मिनिटाला अंधार. मालवणारा घराबाहेर होता!

मग आठवले. हब आणण्यापूर्वी, वर्षभर आधी, आम्ही बल्बच्या कंपनीच्या ॲपमध्ये एक नियम भरून ठेवला होता. मुले दिवा बंद करायला विसरतात म्हणून, लागल्यावर दहा मिनिटांनी तो आपोआप बंद व्हावा असा. हब आल्यावर ते ॲप फोनवरून काढून टाकले. नियम मात्र कंपनीच्या संगणकावर इमाने इतबारे चालू राहिला. इतके दिवस कोणी आत स्थिर बसले की हबचा पाच मिनिटांचा प्रोग्राम आधी पोचायचा आणि दहा मिनिटांच्या नियमाची पाळीच यायची नाही. एका दोषाने दुसरा झाकला होता. पहिला काढला तेव्हा दुसरा दिसला. अशा वेळी माणसाला वाटते की आपली दुरुस्तीच चुकली, आणि तो ती मागे घेतो. आम्हीही पाच मिनिटांवर परत जायच्या बेतात होतो. वहीतल्या वेळांनी वाचवले.

हा शोध चालू असताना आणखी काही लहानसहान दोष हाती लागले. आई सवयीने भिंतीवरचे बटण बंद करते. मग बल्बला वीजच नाही, त्यामुळे तो कोणाचीच आज्ञा ऐकत नाही. यावर फोनवर पाट्या लावून उपयोग होत नाही. बल्ब साधा ठेवावा आणि चिप बटणाच्या मागे बसवावी, म्हणजे बटणही चालते आणि आज्ञाही. त्या चिपला फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. आपल्याकडे बोर्डावर बटणांच्या शेजारीच प्लगची जागा असते, त्यामुळे न्यूट्रल बहुधा तिथे आलेला असतो. पण हे काम वायरमनने मेन स्विच बंद करूनच करायचे आहे, विद्यार्थ्यांनी नव्हे.

बाल्कनीतला दिवा सूर्यास्ताला लागायचा, तो जवळजवळ तासभर आधीच लागत होता. यादीत भारतीय वेळेसमोर 'कोलकाता' लिहिलेले दिसले म्हणून आम्ही शहरही तेच निवडले होते. घड्याळ दोन्हीकडे एकच, सूर्य नव्हे. पुणे आणि कोलकाता यांच्या रेखांशांत साडेचौदा अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे अठ्ठावन्न मिनिटे. प्रत्यक्षात हा फरक डिसेंबरात याहून जास्त आणि जूनमध्ये कमी भरतो. तो का, हे दहावीच्या वर्गाला विचारून पाहावे.

राहता राहिला आवाज. आमचे बोलके यंत्र हिंदीवर ठेवलेले आहे. हाक तेवढी ते स्वतः ओळखते. पुढचे वाक्य इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जाते, तिथे त्याची अक्षरे होतात, त्यांतून दिव्याचे नाव शोधले जाते आणि आज्ञा परत घरी येते. यंत्राने काय ऐकले, हे फोनवर वाचता येते. अण्णा म्हणाले होते "मोरी". यंत्राने लिहिले होते "मेरी". शिवाय कंपवाताने अण्णांचा आवाज बारीक झाला आहे आणि वाक्याच्या मध्ये ते थांबतात. तेवढ्या थांबण्यालाच यंत्र वाक्याचा शेवट समजते. 'बाथरूम' आणि 'बेडरूम' यांतही त्याचा गोंधळ होई. म्हणून त्या दिव्याला दुसऱ्या कशाशीही न जुळणारे छोटे नाव दिले, पूनम. दोन शब्दांत आज्ञा संपते. "ही पूनम कोण?" असे आईने दोन दिवस विचारले.

हे सगळे दुरुस्त केल्यावर आम्ही बाथरूमच्या प्लगमध्ये अर्ध्या वॅटचा एक साधा एलईडी दिवा लावला. तो वर्षभर अखंड जळाला तरी साडेचार युनिटांच्या आत वीज घेतो. बंद असलेला वाय-फायचा बल्बही आज्ञेची वाट पाहत जवळपास तेवढीच खात असतो. हा दिवा कोणत्याही प्रोग्रामला जोडलेला नाही. त्याचे बटण चालू ठेवून आम्ही त्यावर चिकटपट्टी लावली आहे.